उंबऱ्यापाशी तुटलेला धवला

उन्नतीच्या हातातलं पेन त्या शुक्रवारी दोनदा कागद फाडून आरपार गेलं. राग हितेशवर होता, निघत होता कागदावर.

कोन गावची ही उन्नती, वय सत्तावीस. कल्याण रोडला एका गोडाऊनमध्ये माल मोजायच्या कामावर आहे. दिवसभर हातात स्कॅनर आणि तोंडात आकडे. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, हे मिनिटाला मिनिट तिला पाठ असतं. साहेब म्हणतात, उन्नती असली की डिस्पॅच एक मिनिट उशिरा जात नाही. तिलाही त्याचा अभिमान आहे. हा अभिमान पुढे तिच्याच अंगावर कसा आला, तेच सांगायचं आहे.

शुक्रवारी भिवंडीत कापडाचे लूम बंद असतात, खडखडाट नसतो. त्या दिवशी कामतघरला भाविकच्या खोलीवर बोललेलं ऐकू येतं, म्हणून खेळ शुक्रवारी. भाविक तिच्याच ऑफिसात बिलं बनवतो. हितेश सुपरवायझर आणि मृणाली हिशोबात. चौघं टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात आणि मिळून एक गोष्ट रचतात. भाविक गोष्ट पुढे नेतो. जंगल, पडका किल्ला, राक्षस सगळं त्याच्या डोक्यातलं. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात. मृणाली जखमा भरणारी वैदीण, हितेश तलवारवाला. उन्नतीची तिरंदाज मागच्या महिन्यात फासा वाईट पडला म्हणून दरीत गेली. आता तिला नवीन माणूस हवं होतं.

"आपल्यात बार्ड नाही कोणी," भाविक म्हणाला. "उन्नती, तू बार्ड घे."

बार्ड म्हणजे गाणारा. गाऊन सोबत्यांच्या अंगात बळ आणतो, समोरच्याचं मन फिरवतो.

"सोप्पं आहे," हितेश म्हणाला. "लांब केसांचा पोरगा, गळ्यात गिटार, दिसेल तिला डोळा मारतो. सगळे बार्ड असेच असतात. मी फोटोपण शोधलाय, हा बघ."

"माझी बार्ड बाई आहे."

"मग घुंगरू बांध तिला. राक्षसापुढे नाचव."

पेन पहिल्यांदा घुसलं ते इथे. उन्नतीने कागद सरळ केला आणि भराभरा लिहीत सुटली. वय बासष्ट. नऊवारी लुगडं, काष्टा घातलेला. हातात वाद्य नाही. काम, धवलारीण.

हितेशने मान वाकडी करून वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "धवलारीण! अरे, ती हळदीला कोपऱ्यात बसून रेकते ती? माझ्या ताईच्या लग्नाला दोघी होत्या. मी कानात बोटं घालून बसलो होतो."

हितेश शेलार गावचा. उन्नतीसारखाच आगरी. परक्याने म्हटलं असतं तर उन्नतीने सोडूनही दिलं असतं. आपल्याच माणसाने म्हटलं, म्हणून तिच्या कानशिलात घण बसला.

"धवलारीण म्हणजे काय?" मृणालीने विचारलं. ती जळगावकडची.

"आमच्यात लग्न लावते ती," उन्नती म्हणाली. "भटजी नंतर. आधी ही. मांडवात तांदळाचा चौक भरते आणि धवला गाते. गावदेवीपासून जात्यापर्यंत एकेकाला नाव घेऊन मान देते. तिने नाव घेतलं की तो लग्नाला आला. नाही घेतलं तर नाही आला. माझी कमळआत्या धवलारीण आहे, समजलं का हितेश? कोपऱ्यात नाही बसत ती. मधोमध बसते."

"झकास," भाविक म्हणाला. त्याला खरंच आवडलं होतं. "पण नियम पाहिजेत. ताकद कळली. कमजोरी काय? नुसती ताकद असलेलं माणूस मी खेळात घेत नाही."

"ते पुढच्या खेपेला सांगते," म्हणून उन्नती तशीच खेळायला बसली.

गोष्टीत नदीवर पूल आला आणि पुलाखाली राक्षस. उन्नती म्हणाली, माझी बाई पुढे होते आणि गायला बसते. आत्याचा एकही शब्द तिने घेतला नाही. ते शब्द लग्नाचे, हे तिला कळत होतं. तिने आपले साधे जुळवले. पहिला मान नदीला, दुसरा मान पुलाला. भाविक मन लावून ऐकत होता. राक्षसाने गदा खाली ठेवली, असं त्याने सांगितलं. तिसरा मान, उन्नती म्हणाली, आणि तेवढ्यात हितेशने फासा फेकला.

"मी उडी मारून त्याचं मुंडकं उडवतो."

"गाणं चालू आहे!"

"अगं, गाणंच आहे ना? थांबव की. किती वेळ?"

फासा वाईट पडला. मुंडकं काही उडालं नाही, उलट राक्षस खवळला, मृणाली जखमी झाली आणि खेळ तिथेच मोडला. उन्नतीने कागद उचलून पिशवीत कोंबला. पेन दुसऱ्यांदा फाडून गेलं ते तेव्हाच, टोपण लावलं नव्हतं म्हणून. ती जिना उतरली, रिक्षात बसली, आणि कोन येईपर्यंत मनातल्या मनात हितेशला झोडपत राहिली. त्याला चांगला धडा मिळेल असा नियम लिहायचा. धवला मधेच तोडणाऱ्याचे हात गळून पडतात, असं काहीतरी. त्यासाठी आत्यालाच विचारायचं.

कमळआत्या गावदेवीच्या देवळामागे राहते. एकटीच. उन्नतीच्या वडिलांची, रामनाथची, थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वीपर्यंत कोनमध्ये आणि आजूबाजूच्या चार गावांत तिच्याशिवाय लग्नाचा मांडव उभा राहत नव्हता. मग तिचा घसा बसला. आता कोणी सुपारी घेऊन आलं की ती गळ्याला हात लावून नाही म्हणते. असं गावात सगळ्यांना माहीत होतं.

उन्नती गेली तेव्हा ती अंगणात जवळा सुकत घालत होती.

"आत्या, धवला कुनी मधीच तोडला तं काय होतं?"

आत्याचा हात जवळ्यावर थांबला. "कुनी इचारलं?"

"मीच. एक खेळ आहे, त्यात मी तुझ्यासारखी धवलारीण केलीय..."

तिने सगळं सांगितलं. पूल, राक्षस, हितेशचा नालायकपणा. तिला वाटलं, आत्या हसेल, निदान हितेशला शिव्या घालील. आत्या सूप खाली ठेवून उभी राहिली.

"मना खेळान घातलंस?"

"तुला नाही गं, तुझ्यासारखी..."

"दोन वर्सं! दोन वर्सं एकानं येऊन इचारलं न्हाय, कमळ, तू का गात न्हाय. ना तुझ्या बापसानं, ना तू. आन आज आयलीस ती खेळासाठी?"

"तुझा घसा बसलाय ना!"

"घसा?" आत्याने मान वळवली. गल्लीच्या तोंडाला काळूरामचा टेम्पो आडवा लागला होता, शंभर पावलांवर. "ए काळूराम! मेल्या, टेम्पो बाजूला घे, लोकांनी काय उडून जावं का?" देवळाच्या कळसावरची कबुतरं उठली. काळूराम चहाचा ग्लास टाकून धावला. आत्या उन्नतीकडे वळली. "बसलाय का घसा?"

उन्नतीने नाही अशी मान हलवली.

"मनोजच्या लगनाला पाच मान झाले," आत्या म्हणाली. मनोज म्हणजे उन्नतीचा भाऊ. "सहावा उंबऱ्याचा. त्याच्यावर धवला पुरा व्हतो. उंबऱ्याचा मान झाला न्हाय तं नवरी घरान नुसती चालून येते, पाव्हन्यासारखी. मी उंबऱ्याचा नाव तोंडान घेतला, आन धडाम! डीजे."

"तो डीजेवाला ना? आठवतोय मला! मी तर तेव्हाच त्याला..."

"त्या पोराचा काय दोष? त्याला अंगठा कुनी दाखवला?"

उन्नतीला आठवलं. आठवलं म्हणजे नुसतं आठवलं नाही, अंगठ्यापर्यंत जाणवलं. पिवळी साडी. हातात यादी. पाच वाजता नवरानवरीची एन्ट्री, सव्वापाचला फोटो, ऊन जायच्या आत. फोटोवाला मागे लागलेला, "मॅडम, लाइट जातेय." आत्या गात होती, आणि ते संपेना. उन्नतीने घड्याळ पाहिलं, पाच वाजून सात मिनिटं. तिने मांडवाच्या टोकाला बसलेल्या डीजेवाल्याकडे बघून अंगठा वर केला. गाणं लागलं, पोरं नाचली, फोटो छान आले. आत्या कधी उठून गेली, ते कोणाला कळलंही नाही. त्या रात्री बाबांनी तिची पाठ थोपटली होती, पोरीनं सगळं येळेवर केला म्हणून.

"मग बोलायचं ना तू!" ती ओरडली. स्वतःवरचा राग आत्यावर निघाला. "दोन वर्षं तोंड दाबून बसलीस आणि आता मला ऐकवतेस! तिथेच सांगायचं होतंस, थांब म्हणून!"

"मान देनारीनं मान मागावा?" आत्याचा आवाज खाली आला, तो जास्त लागला. "सुरू केलेला धवला पुरा झाल्याबिगर दुसरा तोंडान घेत न्हाय. माझ्या आईचा तसा, तिच्या आईचा तसा. आन ज्या घराचा तुटला त्या घरानं बोलवाया यावा लागतं. बारा घरं परत धाडली मी. बारा पोरींची लगनं स्पीकरवर लागली. घसा बसलाय सांगितलं, कारन माझ्या भावाचं घर चुकलं असं गावाला कसं सांगू? जा आता. खेल."

उन्नती देवळापुढच्या पारावर येऊन बसली. रोज येता-जाता ती गावदेवीला हात जोडते, उशीर झाला असला तरी जोडते. त्या दिवशी जोडवले नाहीत. पहिला मान देवीला झाला होता त्या मांडवात, आणि देवी सहाव्याची वाट बघत दोन वर्षं तिथेच उभी असेल, असं काहीतरी तिच्या मनात आलं. हितेश डोक्यातून कुठच्या कुठे गेला होता. हितेशने जे केलं तेच तिने केलं होतं. त्याने निदान फासा तरी टाकला होता.

घरी सगळे जेवायला बसले होते. तिने उभ्याउभ्याच सांगितलं.

रामनाथने घास खाली ठेवला. "म्हंजे आता दोन वर्सांनी नवरानवरीला पाटावर बसवू? लोक हसतील. कमळला रुसून बसायची पयल्यापासून खोडच हाय."

"ती रुसली नाही. आपण तोडलं. मी तोडलं."

"एक गान्यासाठी..."

"गाणं नाही ते, बाबा! गाणं डीजेचं होतं. जमीन मोजायला माणसं आली तेव्हा हद्द एक वीत इकडे तिकडे सरकली म्हणून तुम्ही तीन दिवस बांधावर बसला होतात. आणि इथे बहिणीचा मान राहिला तर लोक हसतील?"

"आवाज खाली कर," मनोज म्हणाला.

"तू गप. तुझंच लग्न आहे ते अर्धं."

तेव्हा सुकन्या बोलली. सुकन्या मनोजची बायको, माहेर शेलारचं. घरात मोठ्याने बोललेली तिला कोणी कधी ऐकली नव्हती. भाकरी थापताना तिने पाठमोरंच सांगितलं. "माझ्या आईने दुसऱ्याच दिवशी फोनवर विचारलं होतं, उंबऱ्याचा मान झाला का. मी झाला म्हटलं. म्हटलं, पहिल्याच दिवशी सासरच्यांशी कुठे भांडण काढू." मग तिने भाकरी तव्यावर अशी टाकली की पीठ उडालं. "दोन वर्षं आईशी खोटं बोलतेय मी. तुम्हाला लोकांचं पडलंय."

रामनाथने हात धुतला, अंगात सदरा चढवला, देवघरातला नारळ घेतला, ओंजळभर तांदूळ फडक्यात बांधले. दारात चपला शोधताना तो स्वतःशीच चिडचिड करत होता. "या घरान बाप व्हन्यापेक्षा डंपर चालवलेला बरा." उन्नती पाठोपाठ निघाली तेव्हा तो वळून ओरडला, "तू नको येऊस. बोलवायचं मना हाय."

बहीणभावात त्या संध्याकाळी काय बोलणं झालं, ते दोघांनाच ठाऊक. रामनाथ परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि तो म्हणाला, "मंगलवारी येते."

मंगळवारी उन्नतीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आत्या सकाळीच आली. उन्नतीकडे तिने पाहिलंही नाही. तांदूळ मागून घेतले, उंबऱ्याच्या आत चौक भरला. कोपरे जुळवायला तिने इतका वेळ घेतला की मनोज चुळबुळ करू लागला. मग दोघांना पाटावर बसवलं. सुकन्या लग्नातली पिवळी साडी नेसली होती. आत्या तोंड उघडणार, तोच मनोजच्या खिशात फोन वाजला. आत्याने नुसतं बघितलं. उन्नतीने भावाच्या खिशात हात घालून फोन काढला, तांदळाच्या डब्यात टाकला आणि वर झाकण दाबून बसली.

आत्याने पहिल्यापासून सुरुवात केली नाही. जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं, जसा काही मधे श्वास घेतला होता.

"उंबऱ्या रं दादा, वाट दे
लेक शेलारची आत घे
खारीचं पानी पायाला गो
माती बांधाची लागू दे..."

आवाज जुनाच होता, जाड आणि सरळ. रामनाथ भिंतीला पाठ लावून उभा होता. सुकन्याने मोबाइल कानाला धरला होता, तो बंद करा असं आत्या म्हणाली नाही, कारण पलीकडे सुकन्याची आई होती आणि ती रडत होती. गॅसवर दूध उतू गेलं. कोणी उठलं नाही.

"झाला," आत्या म्हणाली, चौकातले तांदूळ मुठीने गोळा करत. मग पहिल्यांदा उन्नतीकडे वळली. "तुना माफ केलेला न्हाय मी."

"बरं."

"बारा घरं गेली. ती परत येनार न्हाय."

"हो."

"त्या तुझ्या खेळान बाईचा नाव काय?"

"अजून ठेवलं नाही."

"माझा ठेवू नको."

"नाही ठेवत."

आत्याने मूठभर तांदूळ सुकन्याच्या ओटीत टाकले. "आन लिव. तिचा धवला कुनी तोडला, तं ती भांडत न्हाय, मारत न्हाय. गप ऱ्हाते. ज्यानं तोडला त्यानंच येऊन बोलवाया पायजे. तवर तोंड उघडत न्हाय, जग बुडला तरी. समजलंस? लोकांना वाटतं ती कमजोरी हाय."

शुक्रवारी कामतघरला उन्नतीने नवा कागद भाविकपुढे सरकवला. नावाच्या जागी लिहिलं होतं, पोवळी. भाविकने कमजोरीची ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि खेळ सुरू केला. पूल तोच आणि राक्षसही तोच, खवळलेला.

"उन्नती, गा," मृणाली म्हणाली. तिची वैदीण अर्धमेली झाली होती.

"ती गात नाही. तोडलाय तिचा."

"मी तोडला म्हणून?" हितेश हसला. मग त्याने तलवार चालवली. फासा पडला तीन. पुन्हा चालवली, पडला पाच. तासाभरात मृणाली पाण्यात वाहून गेली, ढाल मोडली, हितेशचा एक हात कामातून गेला. उन्नती हाताची घडी घालून समोर बसली होती.

"अगं, आपण मरू इथे! खेळ आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? चल, सॉरी. गा आता."

"ती मागत नाही. तू बोलव."

"कसं बोलवू?"

"शेलारचा आहेस ना? माहीत नाही?"

हितेश लालबुंद झाला. त्याने भाविककडे पाहिलं, भाविकने खांदे उडवले. "तलवार खाली ठेवतो," तो दातांवर दात ठेवून म्हणाला. "नारळ कुठून आणू राक्षसाच्या पुलावर?"

"तांदूळ चालतील. तुझ्या शिदोरीत आहेत, लिहिलंय तुझ्या कागदावर."

"ठीक आहे. घेतले तांदूळ. ये बाई, गा."

"बसून?"

हितेशने खुर्ची अशी मागे ढकलली की ती पडली. चिडून चिडून तो उभा राहिला, दोन्ही हातांची ओंजळ केली, रिकामीच, आणि टेबलापलीकडे धरली. त्याची आई धवलारणीपुढे अशीच ओंजळ धरायची, ते त्याला कुठूनतरी आठवलं असावं, कारण ओंजळ बरोबर होती.

उन्नतीने ती पुरती बघून घेतली. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"तिसरा मान," ती म्हणाली.